दारावर थाप पडण्याआधी : संत थॉमस मोर



जागे राहा, सज्ज राहा, हा प्रभू येशूचा इशारा आपण दरवर्षी उपासनेत ऐकतो. दिव्यात तेल ठेवणाऱ्या पाच शहाण्या कुमारिका आणि तेलाविना अडलेल्या पाच मूर्ख कुमारिका आपल्या ओळखीच्या आहेत. लग्नाहून रात्री उशिरा परतणाऱ्या धन्यासाठी दिवा लावून जागणारे चाकरही ओळखीचे आहेत. पण मिस्सा संपते, आपण चर्चच्या पायऱ्या उतरतो आणि प्रश्न पडतो की सज्ज राहायचे म्हणजे नेमके करायचे तरी काय? सोमवारी पहाटेची गाडी गाठायची असते. मुलांचा डबा भरायचा असतो, आईच्या औषधाची वेळ पाळायची असते, घराच्या कर्जाचा हप्ता द्यायचा असतो. या धावपळीत आत्म्याची तयारी करायला सवड कुठे आहे? ते काम फादर आणि सिस्टर यांचे, असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो.

म्हणूनच आज एका अशा संताचे जीवन आपण पाहणार आहोत, जे धर्मगुरू नव्हते की व्रतस्थ नव्हते. ते वकील होते, न्यायाधीश होते, सरकारी नोकरीत होते. त्यांनी दोनदा लग्न केले आणि चार मुले वाढवली. घरात माणसांचा राबता होता, कामाचा ढीग होता, डोक्यावर लहरी राजा होता. अखेर एके दिवशी दारावर थाप पडली, तेव्हा हा संसारी माणूस तयार होता. त्यांचे नाव संत थॉमस मोर.

वकिलाचा मुलगा

थॉमस यांचा जन्म 1478 साली लंडन शहरातील मिल्क स्ट्रीट या गल्लीत झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाला वळण लागावे म्हणून वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या वाड्यावर सेवेला ठेवले. तेथून ते ऑक्सफर्डला शिकायला गेले. तेथे लॅटिन-ग्रीकची गोडी लागते न लागते तोच वडिलांनी त्यांना माघारी बोलावून कायद्याच्या अभ्यासाला बसवले.

वयाच्या विशीत त्यांच्या मनात मोठी चलबिचल सुरू होती. लंडनमध्ये कार्थुसियन संन्याशांचा मठ होता. मौन, उपवास आणि रात्रीची प्रार्थना असे त्यांचे कडक जीवन. सुमारे चार वर्षे थॉमस या मठाच्या सान्निध्यात राहिले, त्यांच्या प्रार्थनेत सहभागी झाले, पण त्यांनी व्रत घेतले नाही. आपल्याला संसाराचे पाचारण आहे असा कौल त्यांनी स्वतःशी दिला आणि 1505 साली जेन कोल्ट हिच्याशी विवाह केला.

येथे आपण जरा थांबू या. मठ सोडताना पुष्कळ माणसे मठाची शिस्तही मागेच ठेवून येतात. थॉमस यांनी तसे केले नाही. मठात जे शिकले ते त्यांनी संसारात आणले. पहाटे उठण्याची सवय त्यांनी सोडली नाही. शुक्रवार ते प्रार्थनेसाठी राखून ठेवू लागले. अंगावरच्या भारी कपड्यांच्या आत ते केसांचा खरखरीत, टोचणारा अंगरखा घालीत. ही गोष्ट घरात फार थोड्यांना ठाऊक होती. पुढे तो अंगरखा धुण्याचे काम थोरली मुलगी मार्गारेट गुपचूप करीत असे.

घर हीच प्रार्थनेची शाळा

जेनपासून त्यांना मार्गारेट, एलिझाबेथ, सेसिली आणि जॉन अशी चार मुले झाली. 1511 साली जेनचे निधन झाले. थोरलीही त्या वेळी सहा वर्षांच्या आतबाहेर होती. लहान मुलांना आई हवी म्हणून थॉमस यांनी थोड्याच दिवसांत ॲलिस मिडलटन या विधवेशी लग्न केले. ॲलिस वयाने त्यांच्याहून मोठी, स्वभावाने फटकळ पण घर सांभाळण्यात वाकबगार होती. तिची मुलगी, शिवाय सांभाळायला घेतलेली मुले, नंतर सून, जावई, नातवंडे असे ते घर भरत गेले. अंगणात पक्षी-प्राणी होते, एक माकडही होते.

मुलींना मुलांइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा थॉमस यांचा आग्रह होता. पाचशे वर्षांपूर्वी असे म्हणणारे बाप फार नव्हते. त्यांच्या मुली लॅटिन आणि ग्रीक शिकल्या. मार्गारेट तर इतकी विदुषी झाली की, प्रभूच्या प्रार्थनेवर इरॅस्मस या विद्वानाने लिहिलेल्या पुस्तकाचे तिने केलेले इंग्रजी भाषांतर छापून प्रसिद्ध झाले.

पुढे हे कुटुंब लंडनबाहेर थेम्स नदीकाठी चेल्सी गावात राहायला गेले. तेथील दिवस कसा जाई हे जावई विल्यम रोपर आणि नंतरच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. जेवणाच्या वेळी एखादी मुलगी पवित्र शास्त्रातील उतारा वाचून दाखवी आणि त्यावर थोडे बोलणे होई. मग थट्टामस्करीला सुरुवात. थॉमस स्वतः विनोदी होते आणि त्यांना हसणारी माणसे आवडत. रात्री झोपण्यापूर्वी पत्नी, मुले, नोकरचाकर सगळे गुडघे टेकून एकत्र प्रार्थना करीत. ते घरी असले की यात खंड पडत नसे.

थॉमस दररोज मिस्साला जात. एकदा ते मिस्सात असताना राजाचे बोलावणे आले, पुन्हा आले, तरी मिस्सा संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत अशी आठवण सांगतात. गावच्या चर्चमध्ये ते गायकवृंदात उभे राहून गात. देशातील एक मोठे सरदार त्यांना भेटायला आले, तेव्हा एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने साध्या धर्मग्रामातील गायकासारखा पांढरा झगा घालून गावे याचा त्या सरदारांना राग आला. आपण देवाची सेवा केली म्हणून राजाचा अपमान होत नाही, असे थॉमस यांनी त्यांना हसत समजावले.

आणखी एक सवय आपण नीट लक्षात ठेवू या, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. नवे पद स्वीकारायचे असो की एखादा अवघड निर्णय घ्यायचा असो, थॉमस आधी पापनिवेदन करीत, मिस्सा ऐकत आणि ख्रिस्तशरीर स्वीकारीत. मगच कामाला हात लावीत.

कामाच्या जागी

1510 साली थॉमस लंडन शहराचे उपशेरीफ झाले. शहराच्या न्यायालयात ते खटले ऐकत. पक्षकारांनी द्यायची फी ते बहुधा माफ करीत, म्हणून गोरगरिबांत त्यांचे नाव झाले. 1516 साली त्यांचे ‘युटोपिया’ हे पुस्तक निघाले आणि युरोपभर त्यांची कीर्ती पसरली. मग राजा आठव्या हेन्रीने त्यांना आपल्या सेवेत ओढले. 1521 साली सर ही पदवी मिळाली, 1523 साली ते संसदेचे सभापती झाले आणि 25 ऑक्टोबर 1529 रोजी लॉर्ड चॅन्सेलर झाले. देशाच्या न्यायव्यवस्थेचे ते सर्वोच्च पद होते.

त्या वेळी त्यांचे वृद्ध वडील वेस्टमिन्स्टरच्या त्याच इमारतीत न्यायाधीश म्हणून बसत. आपल्या आसनाकडे जाताना लॉर्ड चॅन्सेलर वडिलांच्या दालनाशी थांबत आणि सर्वांदेखत गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेत. न्यायदानात त्यांचा हात इतका चालता होता की, एके दिवशी त्यांनी पुढचा खटला पुकारायला सांगितले, तेव्हा एकही खटला शिल्लक नाही असे उत्तर आले. वर्षानुवर्षे तारखा पडणाऱ्यांना याचे मोल कळेल.

हे पद मिळण्याच्या काही आठवडे आधीची एक घटना आहे. थॉमस राजाच्या कामासाठी घरापासून दूर होते. चेल्सीला आग लागली आणि त्यांची धान्याने भरलेली कोठारे जळून गेली. शेजाऱ्यांचीही काही कोठारे त्यात गेली. निरोप कळताच थॉमस यांनी पत्नीला पत्र लिहिले. वर्षाचे धान्य गेल्याबद्दल त्यात रडगाणे नव्हते. घरातल्या सगळ्यांना घेऊन चर्चमध्ये जा, देवाने दिले त्याबद्दल, नेले त्याबद्दल आणि राखले त्याबद्दल त्याचे आभार मान, असे त्यांनी कळवले. गरीब शेजाऱ्यांचे किती नुकसान झाले याची चौकशी कर आणि ते भरून दे, मग आपल्या घरात एक चमचाही उरला नाही तरी चालेल, असेही सांगितले.

संकट आले की माणसाच्या तोंडून आधी काय निघते, त्यावरून त्याच्या मनात वर्षानुवर्षे काय साठले आहे ते कळते. थॉमस यांच्या लेखणीतून आधी देवाचे आभार निघाले आणि लगेच शेजाऱ्याची काळजी निघाली. ही त्यांची तयारी होती. पुढे जे घडायचे होते त्यामानाने ती आग लहान होती.

त्यांची एक उणीव

संतांचे जीवन सांगताना त्यांच्या उणिवा झाकण्याची आपल्याला गरज नाही. थॉमस मोर यांच्या काळात युरोपात धर्मसुधारणेचे वादळ उठले होते. नव्या शिकवणीमुळे ख्रिस्तसभा आणि समाज दोन्ही मोडून पडतील अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांनी त्याविरुद्ध जाडजूड आणि कडवट पुस्तके लिहिली. ते लॉर्ड चॅन्सेलर असताना इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडी ठरवून जाळून मारण्यात आले आणि त्या शिक्षा त्यांना योग्य वाटत होत्या. ही गोष्ट आज वाचताना आपल्याला यातना होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2000 साली थॉमस मोर यांचा गौरव केला, तेव्हाही पाखंडी लोकांविरुद्धच्या त्यांच्या वागण्यात त्या काळाच्या मर्यादा दिसतात हे स्पष्टपणे नमूद केले.

यातून आपण एक धडा घेऊ या. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसालाही आपल्या काळाचे डोळे असतात आणि काही गोष्टी त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पापनिवेदनाची गरज संतांनाही असते. ज्या सद्सद्विवेकबुद्धीचा मान दुसऱ्यांच्या बाबतीत राखला गेला नाही, तिच्यासाठीच पुढे थॉमस यांना प्राण द्यावे लागले.

राजाचा हट्ट

राजा हेन्रीला औरस मुलगा नव्हता. राणी कॅथरीन हिच्याशी झालेला विवाह रद्द ठरवून त्याला ॲन बोलिनशी लग्न करायचे होते. पोपमहोदय परवानगी देईनात. तेव्हा इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा प्रमुख आपणच, असे राजाने ठरवले. 15 मे 1532 रोजी देशातील धर्माधिकारी राजापुढे नमले. दुसऱ्याच दिवशी थॉमस यांनी पदाचा राजीनामा दिला.

घरी ही बातमी त्यांनी कशी सांगितली ते ऐकण्यासारखे आहे. मिस्सा संपली की त्यांचा एक सेवक ॲलिसबाईंच्या बाकाशी जाऊन साहेब निघाले अशी वर्दी देत असे. त्या दिवशी थॉमस स्वतःच टोपी हातात घेऊन बाकाशी गेले आणि साहेब गेले असे त्यांनी नम्रपणे सांगितले. बाईंना आधी ती नेहमीची थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. पदही गेले होते आणि पगारही गेला होता.

थॉमस यांनी आपल्या नोकरांना दुसरीकडे चाकरी मिळवून दिली आणि मुला-जावयांना एकत्र बसवून पुढे कसे भागवायचे याचा विचार केला. विद्यार्थिदशेत आपण साध्या जेवणावर राहिलो आहोत, आता एकेक पायरी खाली उतरू, तेही परवडले नाही तर झोळ्या घेऊन दारोदार राणी मरियेचे गीत गात भीक मागू, पण एकत्र आणि आनंदाने राहू, अशी त्यांनी घरच्यांची समजूत काढली. थंडीत सरपण परवडेना, तेव्हा रात्री रानातले वाळलेले नेचे खोलीत आणून पेटवायचे आणि त्या जाळाशी सगळ्यांनी शेकून झोपायला जायचे, अशी वेळ त्या घरावर आली. याच सुमारास त्यांनी चेल्सीच्या चर्चमध्ये आपली कबर बांधून घेतली आणि तिच्यावरचा मजकूरही स्वतःच लिहिला.

जुने चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. एकदा सगळे जेवायला बसले असताना दारावर जोराची थाप पडली. राजाचा शिपाई थॉमस यांना पकडायला आल्याचे सांगू लागला. घरात रडारड झाली. मग कळले की त्या माणसाला थॉमस यांनीच पैसे देऊन बोलावले होते. एक दिवस हे खरोखर घडणार आहे, त्या दिवशी माझी माणसे कोसळून पडू नयेत, असा त्यामागे विचार होता. वाचताना आपल्याला हे थोडे कठोर वाटते. पण घरच्यांपासून मरणाचा विषय लपवून ठेवणारे आपण आणि घरच्यांना हाताला धरून त्या विषयापर्यंत नेणारे थॉमस, यांत घरच्यांवर अधिक प्रेम कोण करतो याचा विचार व्हायला हवा.

ते स्वतः निर्भय होते असे मात्र समजू नये. या दिवसांत पत्नी शेजारी झोपलेली असताना ते रात्र रात्र जागे असत. काय काय भोगावे लागेल याची चित्रे त्यांच्या डोळ्यांपुढे येत. आपला देह वेदनेला फार भितो, हे त्यांनी मार्गारेटला पत्रातून मोकळेपणाने कळवले होते. सज्ज असणे म्हणजे भीती नसणे, असा आपला गैरसमज असेल तर तो दूर करायला हे पुरेसे आहे. गेथशेमनी बागेत प्रभू येशूलाही व्याकूळता आली होती.

फाटक लागले

1534 साली संसदेने वारसा कायदा केला. राजाचे नवे लग्न आणि त्यातून होणारी संतती यांना मान्यता देणारी शपथ सर्वांनी घ्यायची होती. शपथेच्या मजकुरात पोपमहोदयांचा अधिकार नाकारणेही आले होते. पास्काच्या सणानंतरच्या रविवारी, 12 एप्रिल रोजी, थॉमस यांना दुसऱ्या दिवशी लॅम्बेथच्या वाड्यावर हजर राहण्याचा हुकूम मिळाला.

सोमवारी सकाळी त्यांनी काय केले? नेहमी जे करीत तेच केले. ते गावच्या चर्चमध्ये गेले, पापनिवेदन केले, मिस्सा ऐकली, ख्रिस्तशरीर स्वीकारले. पंचवीस-तीस वर्षे ज्या वाटेने पावले चालत आली होती त्याच वाटेने ती त्या दिवशीही गेली. शेवटच्या क्षणी त्यांना नवे काही शोधावे लागले नाही. दिव्यात तेल होते.

एरवी ते निघाले की पत्नी व मुले नदीकाठी होडीपर्यंत पोहोचवायला येत. तेथे ते सगळ्यांचे मुके घेऊन निरोप घेत. त्या दिवशी त्यांनी कोणालाही पुढे येऊ दिले नाही. बागेचे फाटक आपल्या हाताने ओढून लावून घेतले आणि जावई रोपर व काही सेवकांसह ते होडीत बसले. बराच वेळ ते उदास आणि गप्प होते. मग एकाएकी रोपरच्या कानाशी वाकून लढाई जिंकल्याबद्दल त्यांनी प्रभूचे आभार मानले. रोपर यांना तेव्हा अर्थ कळला नाही. पुढे उलगडा झाला की घरच्यांच्या मायेपोटी मन मागे फिरेल, हीच थॉमस यांची सर्वांत मोठी धास्ती होती. त्या फाटकाशी त्यांनी तिच्यावर मात केली होती.

लॅम्बेथला त्यांनी शपथ वाचली. गादीच्या वारसाबद्दल शपथ घ्यायला ते तयार होते, पण जो मजकूर समोर ठेवला होता तो त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीला मान्य नव्हता. ज्यांनी शपथ घेतली त्यांना त्यांनी दोष दिला नाही. त्यांच्या लाडक्या मार्गारेटनेही पुढे शपथ घेतली, तरी त्यांची माया कमी झाली नाही. आपला निर्णय त्यांनी कोणावर लादला नाही आणि कोणाच्या सांगण्यावरून बदललाही नाही. 17 एप्रिल रोजी त्यांना टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले.

टॉवरमधील पंधरा महिने

तुरुंगात त्यांनी आपला दिनक्रम सोडला नाही. ते प्रार्थना करीत, लिहीत आणि भेटायला आलेल्या मार्गारेटला धीर देत. एकदा ॲलिसबाई आल्या. चेल्सीला चांगले घर, पुस्तके, बाग आणि माणसे असताना या उंदरांच्या घाणीत कशाला पडून राहिलात म्हणून त्या रागे भरल्या. हे घरही स्वर्गापासून आपल्या घराइतकेच जवळ नाही का, एवढेच त्यांनी बाईंना विचारले. बाईंना ते पटले नाही. बिचारीच्या मागे संसार होता, कर्ज होते, तुरुंगातल्या नवऱ्याच्या जेवणाचाही खर्च होता. तिच्या रागातही प्रेमच होते हे आपण विसरू नये.

4 मे 1535 रोजी तीन कार्थुसियन मठाधिपतींना राजाच्या हुकुमाने मरणाकडे नेण्यात आले. थॉमस आणि मार्गारेट यांनी खिडकीतून त्यांना जाताना पाहिले. लग्नाला निघालेल्या नवरदेवांसारखे ते आनंदी आहेत, असे थॉमस यांनी मुलीला दाखवले. तारुण्यात ज्या संन्याशांची शिस्त त्यांनी संसारात आणली होती, ते संन्यासी आता त्यांच्या पुढे चालले होते.

त्या दिवसांत ते प्रभू येशूच्या गेथशेमनी बागेतील दुःखावर लिहीत होते. शिष्य झोपी गेले आणि यहूदा मात्र जागा होता, यावर त्यांनी खोल चिंतन केले आहे. 12 जून रोजी त्यांची पुस्तके आणि लिहिण्याचे साहित्य काढून नेण्यात आले. माल संपला की दुकान बंद करायचे, असे म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्यांचे लिखाण शिपायांनी येशूवर हात टाकले त्या प्रसंगाशी थांबले आहे. त्यांच्या हस्ताक्षरातील त्या ग्रंथाची प्रत पुढे स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जपली गेली. शेवटची पत्रे त्यांनी कोळशाने लिहिली.

1 जुलै 1535 रोजी वेस्टमिन्स्टरच्या ज्या इमारतीत त्यांनी न्याय दिला होता तेथेच त्यांच्यावर खटला चालला. राजाचा सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच याने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. ती खोटी असल्याचे थॉमस यांनी भर न्यायालयात सांगितले, तरी पाव तासात ते दोषी ठरले. शिक्षा ऐकल्यावर त्यांनी न्यायाधीशांना शाप दिला नाही. आपण सर्व जण स्वर्गात आनंदाने भेटू या, अशी प्रार्थना त्यांनी केली. परतताना धक्क्यावर मार्गारेट पहारेकऱ्यांच्या कड्यातून घुसली आणि बापाच्या गळ्यात पडली. दूर गेल्यावर ती पुन्हा धावत आली. पाहणाऱ्यांचे डोळे ओले झाले.

5 जुलैला त्यांनी मार्गारेटला अखेरचे पत्र आणि आपला तो केसांचा अंगरखा पाठवला. 6 जुलै 1535 रोजी सकाळी टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाचा मचाण डळमळत होता. चढताना आधार दे, उतरण्याचे माझे मी पाहीन, असे त्यांनी अधिकाऱ्याला हसून सांगितले. आपण राजाचे सेवक आहोत, पण आधी देवाचे, अशा आशयाचे बोलून त्यांनी लोकांकडे प्रार्थना मागितली आणि ते गुडघे टेकून खाली वाकले. त्यांचे शिर लंडन ब्रिजवर टांगण्यात आले. सुमारे महिन्याभराने मार्गारेटने ते मिळवले आणि जपून ठेवले.

1886 साली थॉमस यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तर 1935 साली, हौतात्म्याला चारशे वर्षे झाली तेव्हा, बिशप जॉन फिशर यांच्यासह संतपद देण्यात आले. 2000 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राजकारणी व शासनकर्ते यांचे आश्रयदाते घोषित केले. 22 जून हा या दोन्ही संतांचा सण आहे.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांना राजा बोलावणार नाही. पण दारावर थाप प्रत्येकाच्या पडणार आहे. कधी ती डॉक्टरांच्या रिपोर्टच्या रूपाने येईल, कधी नोकरी गेल्याच्या पत्राने, कधी मध्यरात्रीच्या फोनने. कधी ऑफिसात खोट्या कागदावर सही करायला सांगणाऱ्या साहेबाच्या रूपानेही येईल. त्या क्षणी नवी श्रद्धा कमवायला वेळ नसेल. जी असेल तिच्यावरच भागवावे लागेल. कुमारिकांच्या दाखल्यात तेल उसने मिळाले नाही, ते याचसाठी.

थॉमस मोर यांनी आपले तेल थेंबाथेंबाने भरले. रात्रीची कुटुंबाची प्रार्थना, जेवताना शास्त्राच्या चार ओळी, कामाआधी मिस्सा, नुकसान झाल्यावर देवाचे आभार, वडिलांचा आशीर्वाद, शेजाऱ्याची भरपाई, मरणाविषयी घरात मोकळे बोलणे. यातील एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही.

तेव्हा या आठवड्यात आपण एवढे करू या. रात्री टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या सगळ्यांनी दहा मिनिटे एकत्र गुडघे टेकू या. पापनिवेदनाला जाऊन बरेच महिने झाले असतील तर शनिवारी वेळ काढू या. मृत्युपत्र, राहिलेले देणे, भावाशी तुटलेले बोलणे, यांपैकी जे अडले आहे त्यातले एक तरी काम उरकू या. आणि घरातल्या वयोवृद्धांनी मरणाचा विषय काढला तर विषय न बदलता त्यांच्याजवळ बसून ऐकू या.

हे दयाळू पित्या, संत थॉमस यांना तू संसारात राहून जागे राहण्याची कृपा दिलीस. आमच्या घरांना, आमच्या कामाच्या जागांना आणि आमच्या भित्र्या मनांनाही ती कृपा दे. तू दार ठोठावशील तेव्हा आम्ही तुझ्यासाठी दार उघडावे म्हणून आजपासूनच आमचे दिवे तेवत ठेव. आमेन.

संत थॉमस मोर, आमच्यासाठी विनंती कर.